तुम्ही विचारलंत म्हणून: लेनिनग्राडला साथ का आली नाही?

मी साथरोगशास्त्र शिकवते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडचे (रशियातलं आजचं सेंट पीटर्सबर्ग) आकडे फळ्यावर लिहिले की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढी माणसं मेली, मग ही टायफसची साथ ना?" नाही, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: का नाही?

विचारणाऱ्याचं चुकत नाही. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांनी शहराचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तोडला, तेव्हा आत पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती. हिवाळ्यात वीज गेली, नळ गोठले, मोऱ्या तुंबल्या. लोक नेवा नदीच्या बर्फाला भोक पाडून बादलीनं पाणी काढत आणि पोरांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर ठेवून घरी ओढत नेत. मैला बादलीतून थेट अंगणात. अंघोळीचं नाव नाही, आणि ऊब टिकावी म्हणून अख्खं घर एका खोलीत, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपलेलं. टायफस पसरवणाऱ्या उवांना आणखी काय हवं? त्याच वर्षी वॉर्सा घेटोत, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, टायफसनं हजारो बळी घेतले होते.

आता मृत्यूंचा आलेख पाहा. सरकारी नोंदींत नोव्हेंबरात सुमारे ११ हजार, डिसेंबरात जवळजवळ ५३ हजार, जानेवारी-फेब्रुवारी मिळून २ लाखांच्या घरात. इतकी उभी चढण दिसली की आम्हा लोकांना जंतूचाच वास येतो. पण हा आलेख पावाचा आहे. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम आणि कारकून, घरी बसलेले, मुलं या सगळ्यांना १२५ ग्रॅम पाव मिळे. त्यातही पिठात सेल्युलोज आणि पेंड मिसळलेली. आधी पुरुष गेले, बायकांची पाळी थोडी मागाहून आली.

साथ न येण्याचं श्रेय शहराच्या आरोग्ययंत्रणेला देतात. बरंचसं ते खरंही आहे. मार्चअखेर, बर्फ वितळायच्या आत, तीन लाखांवर लोक रस्त्यावर उतरले. त्यांत बायका जास्त, बहुतेकींना धड उभंही राहवत नव्हतं. पहारींनी अंगणातला गोठलेला मैला आणि कचरा फोडायचा, घसरगाड्यांवर आणि ट्रामच्या मालडब्यांत भरायचा. १५ एप्रिलपर्यंत सुमारे दहा लाख टन घाण शहराबाहेर गेली. वितळेपर्यंत ती तिथेच राहिली असती तर आज मी फळ्यावर दुसराच आलेख काढत असते. लसटोचणी झाली, सार्वजनिक न्हाणीघरं पुन्हा सुरू झाली.

पण मार्चच्या आधीचं काय? डिसेंबर १९४१ मध्ये टायफस, विषमज्वर, हगवण यांच्या नोंदी आदल्या डिसेंबरपेक्षा कमी आहेत, आणि तेव्हा कोणी पहार हातात घेतली नव्हती. माझं मत विचाराल तर थंडीनं निम्मं काम केलं. घाण दगडासारखी गोठली होती, ट्राम बंद पडल्या होत्या, माणूस पावाच्या रांगेपलीकडे जात नव्हता. बाहेरून नवीन कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरं असं, की चार मजले उतरायची ताकद नसलेला माणूस ताप आला म्हणून दवाखान्यात कशाला जाईल? नोंद कमी झाली म्हणजे रोग कमी झाला, हे मी तरी डोळे मिटून मान्य करत नाही. उपाशी माणसाला साधी हगवण किंवा न्यूमोनियाही पुरतो, आणि दाखल्यावर कारण म्हणून उपासमारीची 'डिस्ट्रॉफी' लिहिली जाते.

१९४२ च्या उन्हाळ्यात मृत्यू उतरले. तिथेही छेद, म्हणजे शहरात उरलेली माणसं किती, हे पाहिल्याशिवाय अंश वाचू नका. जानेवारी ते एप्रिल लादोगा सरोवराच्या गोठलेल्या वाटेनं पाच लाखांवर लोक बाहेर काढले गेले होते आणि सर्वांत अशक्त होते ते आधीच मेले होते. उरलेल्यांच्या पोटात थोडं अन्न जाऊ लागलं, तसा डॉक्टरांपुढे अनपेक्षित रोग उभा राहिला: उच्च रक्तदाब. उपासमारीत खाली गेलेला दाब १९४३ पर्यंत कितीतरी जणांत, अगदी तरुणांतही, भलताच चढला होता. त्याची नेमकी कारणं कोणती, यावर पुढे बरीच वर्षं लिहिलं गेलं.