सव्वीसांची हजेरी

रात्रीचे सव्वाअकरा.

आज दिवसभरात मी एकही ज्वाळा पाहिली नाही. कपड्यांना धुराचा वाससुद्धा नाही. गुडघ्याने साथ सोडली, तेव्हापासून म्हणजे गेली तीन वर्षं, वणव्याच्या दिवशी मी खोलीत बसतो. एक टेबल, दोन वायरलेस संच, भिंतीवर नकाशा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, तीन रंगांची पेनं, एक नोंदवही आणि खाचांचा फळा. एवढ्या पसाऱ्याला आम्ही नियंत्रण कक्ष म्हणतो. नाव भारदस्त आहे, खोली नाही.

फळ्याच्या खाचांत कार्डं असतात, माणसागणिक एक. कामावर येताना प्रत्येकाने आपलं कार्ड माझ्याकडे द्यायचं आणि घरी जाताना परत न्यायचं. मधल्या वेळात तो माणूस नेमका कुठे आहे, ते त्या कार्डाच्या जागेवरून कळलं पाहिजे. आज 26 कार्डं होती. पाच तुकड्यांची 22 आणि दोन टँकरची चार. टँकर आणि तुकड्या मिळून वायरलेसवर सात आवाज.

सात ही वरची हद्द. एका माणसाने तीन ते सात जणांचीच खबर ठेवावी, शक्यतो पाच, हे प्रशिक्षणात घोटून घेतलेलं असतं. 1970 साली कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटले होते. 16 जीव गेले, सातशेवर इमारती जळाल्या. मागाहून विचार झाला तेव्हा दिसलं की माणसं आणि गाड्या कमी पडल्या हे खरं दुखणं नव्हतंच. प्रत्येक दलाची भाषा निराळी, हुद्दे निराळे, वायरलेसचे चॅनेल निराळे, आणि कोण कोणाचं ऐकणार याचा पत्ता नाही. आजची आदेशपद्धत त्या गोंधळातून उभी राहिली. हे सगळं मी नव्या पोरांना मोठ्या तोंडाने सांगतो. आज स्वतः सात आवाज आणि वर टेबलावरचा फोन, असं आठांचं ओझं घेऊन बसलो होतो. टँकर दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालायला हवे होते. खोलीत माणूस होताही. पण ‘जमतंय की’ हा माझा जुना आजार.

हवामानाचा निरोप सकाळीच आला होता. पश्चिमेचा वारा चारच्या सुमारास दक्षिणेचा होणार. नकाशावर आग पूर्वेकडे धावणारी, लांबट आणि अरुंद. दिसायला गरीब. पण वारा दक्षिणेचा झाला की तिची अख्खी उत्तरेची कड, एवढा वेळ बाजूला मुकाट जळणारी, तीच आघाडी होते. 2 डिसेंबर 1998 ला ऑस्ट्रेलियातल्या लिंटनजवळ असाच वारा फिरला आणि पाच स्वयंसेवक आपल्या टँकरसकट आगीत सापडले. आमच्यासारखीच माणसं, पगाराविना गेलेली. तेव्हापासून प्रशिक्षणात त्या दिवसाचा दाखला देतात. मीही देतो.

आणि आज आमची दुसरी तुकडी त्या उत्तरेच्या कडेला होती, चढावर. चढ दहा अंशांचा असला तरी वर जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. नकाशावरच्या समोच्च रेषा तिथे इतक्या दाटीने आल्यात की पेनाचं टोक त्यांच्या मधे मावत नाही. मी ठरवलं होतं, पावणेचारला सगळे काळ्यात. काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. जिथे जळायला काही उरलेलं नाही, तिच्याइतकी भरवशाची जागा नाही.

15:10 ला हजेरी घेतली. दर अर्ध्या तासाला घेतोच. पहिली तुकडी पाच, बरोबर. दुसरी तुकडी? ‘चार, ओव्हर.’

फळ्यावर पाच.

परत विचारलं. चारच. मी म्हटलं, पाचवा कुठाय? पलीकडे नुसती खरखर, मग तुकडीप्रमुखाचा आवाज, ‘तुमच्याकडे नाही का?’ मी चिडलो. सगळ्यांच्या कानावर जाणाऱ्या चॅनेलवर बोललो, की आपली माणसं मोजता येत नसतील तर प्रमुख कशाला झालास. हे वाक्य नोंदवहीत नाही. इथे लिहून ठेवतो.

तो म्हणाला, खाली जाऊन शोधतो. मी नको म्हटलं. चौघांना काळ्यात उभं केलं आणि बाकीच्या तुकड्यांचं कामही थांबवलं. धुरात एक माणूस हरवला असताना आणखी चार जण त्याच्यामागे पाठवायचे नसतात. टेबलापाशी बसून हे म्हणणं सोपं जातं असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा म्हणून बघावं. पगारी माणसाला हुकूम देता येतो. ही माणसं आपला दिवस सोडून आलेली असतात. त्यांना ‘थांब’ म्हटल्यावर ती थांबतात, ते केवळ माझ्या शब्दावर विश्वास आहे म्हणून.

खाचेतलं कार्ड काढून मी हातात धरलं. त्यावर रक्तगट असतो. घरच्यांचा नंबर असतो. एरवी मी कार्डाची ती बाजू वाचत नाही.

फोन वाजत होता. कोणीतरी विचारत होतं, मदतीला दहा माणसं घेऊन येऊ का? आपणहून येणारी माणसं ही आमची सर्वांत प्रेमळ डोकेदुखी. चपला घालून येतात आणि थेट धुराकडे निघतात. मी फोन उचलून तसाच बाजूला ठेवला. सगळ्या तुकड्यांना विचारलं, नाही. पहिला टँकर, नाही. दुसरा टँकर उत्तर देईना. तो ओढ्यात पाणी भरायला उतरलेला, तिथल्या खोलगटात वायरलेस लागत नाही. नऊ मिनिटं. दहा. वेळ लिहायला म्हणून नोंदवही ओढली आणि बोटाने पान मागे गेलं.

14:50. दुसरा टँकर ओढ्याकडे. पंपावर हात कमी, दुसऱ्या तुकडीतला एक जण सोबत.

अक्षर माझंच. टँकरवाल्याने विचारलं, मी हो म्हटलं, वहीत लिहिलं, तेवढ्यात फोन वाजला. कार्ड हलवायचं राहिलं. तुकडीप्रमुख तेव्हा शंभर पावलांवर जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, साफ करत होता, त्याला कोणी सांगितलंच नाही. सांगायचं काम माझं.

अकरा मिनिटं गेली होती. मी वायरलेसवर सांगितलं की माणूस टँकरवर आहे, चूक कक्षाची. पलीकडून एवढंच आलं, ‘बरं. काम चालू करू?’ मी म्हटलं, नको, आता तिथेच थांबा. तरी ओढ्यातून टँकर वर येऊन त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत माझी पाठ खुर्चीला टेकली नाही.

वारा चार वाजून दहा मिनिटांनी फिरला. उत्तरेची कड पेटत चढावर गेली, माथ्यावरच्या रुंद जाळरेषेला अडली, तिथे तिसऱ्या आणि चौथ्या तुकडीने तिला धरलं. संध्याकाळपर्यंत बुंधे विझवणं, राख उकरून हाताच्या पाठीने ऊब बघणं, असलं कंटाळवाणं काम उरलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री आठला दुसऱ्या पाळीला खुर्ची दिली. बदलीचं बोलणं एरवी मी दहा मिनिटांत उरकतो, आज अर्धा तास घेतला. टँकर वेगळ्या माणसाकडे दे, हे दोनदा सांगितलं. कार्ड हलवल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, आधी कार्ड मग पेन, तेही सांगितलं. तुकडीप्रमुख आला तेव्हा बाकीच्यांसमोरच त्याची माफी मागितली, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. तो बूट सोडत होता. मान वर न करता म्हणाला, मलाही क्षणभर वाटलं होतं की मोजणीत माझंच चुकलं.

शेवटी तो पंपावरचा आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाइपचा सांधा गळतोय, आधी तो बदला, असं कुरकुरत त्याने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

‘हे एवढं चुरगळलं कशाने?’