लाल केलेली सळई

पुढे कधीतरी मजला वाढवता यावा म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवतात. मला ज्या इमारतीवर बोलावलं होतं तिथे असे १२ कॉलम होते. येणाऱ्याजाणाऱ्याला लागू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्या सगळ्या सळया स्लॅबलगत आडव्या वाकवून ठेवल्या होत्या. आता मजला चढवायचा होता. सकाळी फिटरांनी सळईत पाइप घालून ती सरळ करायला सुरुवात केली आणि तिसरी सळई अगदी काँक्रीटच्या तोंडाशी तुटली.

मी पोहोचले तेव्हा मुकादमाने तो तुकडा जपून ठेवला होता. तुटलेलं तोंड सपाट होतं, दाणेदार चमकत होतं. चांगलं पोलाद तुटण्याआधी ताणलं जातं, तुटायच्या जागी बारीक होतं, त्याला मान पडते. इथे मान नव्हतीच. सळईच्या अंगावरच्या उभ्या धारा मळसूत्रासारख्या फिरत गेल्या होत्या, म्हणजे ती जुनी पीळ दिलेली सळई होती, ज्याला साइटवर टॉर म्हणायचे. गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलममध्ये मात्र धारा सरळ, मध्ये चंद्रकोरीसारखी नक्षी. ती टीएमटी, म्हणजे मिलमध्येच तापवून-थंड करून कणखर केलेली सळई. इमारत दोन टप्प्यांत झाली होती, तेवढं सळयांनीच सांगितलं.

खरा धक्का पुढे होता. सळई तुटल्यावर फिटरांनी गॅसची टॉर्च आणली होती. चार कॉलमच्या सळया लाल करून सरळ झाल्या होत्या आणि लवकर थंड व्हाव्यात म्हणून वर बादलीने पाणीही मारलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. मी काम थांबवलं.

सगळ्यांत जुने फिटर पुढे आले. ‘‘मॅडम, लोखंड तापवूनच वाकवायचं असतं. लोहार दुसरं काय करतो?’’

‘‘मामा, साध्या गुळगुळीत सळईला तुम्ही म्हणता ते बरचसं चालतं,’’ मी म्हटलं. ‘‘पण या दोन्हींची ताकद वेगळ्या ठिकाणाहून आलेली आहे.’’

तोंडाने सांगून पटणार नाही हे मलाही दिसत होतं. तापवलेले आणि न तापवलेले, दोन्ही जातींचे तुकडे करवतीने कापायला सांगितले. कटरने कापलं असतं तर कापतानाच तोंड तापलं असतं आणि बघायचं तेच पुसलं गेलं असतं. तुकडे घेऊन मी मामांनाच प्रयोगशाळेत बरोबर नेलं.

टीएमटीच्या तुकड्याचं तोंड पॉलिश पेपरने घासून आरशासारखं केलं आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेलं थोडं नायट्रिक ॲसिड त्यावर फिरवलं. काही सेकंदांत कडेने काळपट कडं उमटलं, आत फिकट गाभा. मामा वाकून बघत राहिले. रोलिंग मिलमधून लालभडक सळई बाहेर येते तेव्हा तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. बाहेरची साल एकदम थंड होऊन कडक होते. गाभा मात्र अजून लाल असतो. त्याची उष्णता बाहेर येते आणि त्या सालीचा ठिसूळपणा घालवते. आत मऊ, बाहेर कणखर. ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची सळई हाताने वाकवता येते आणि भारही घेते, ते या जोडीमुळे.

मग तापवलेला तुकडा. त्याचं कडं एका बाजूला विरून गेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला वेड्यावाकड्या डागांसारखं दिसत होतं. मामा काही बोलले नाहीत. टॉर्चची ज्योत एका बाजूने लागली होती आणि पाणीही वरूनच पडलं होतं. मिलमध्ये हेच तापवणं आणि थंड करणं ठरलेल्या वेगाने, चारी बाजूंनी होतं. बादलीने ते होत नाही. वाकवण्याच्या चाचणीत यातल्याच एका तुकड्याला तडा गेला.

पीळ दिलेल्या सळईची गोष्ट निराळी. तिला कडं नसतंच. साधं पोलाद थंड असताना पिळून ४१५ पर्यंत चढवलेलं असतं. ती ताकद पिळातून आलेली, आणि तेवढाच लवचीकपणा खर्ची पडलेला. त्यात ती आडवी वाकवली, वर्षानुवर्षं तशीच राहिली (वाकवलेलं पोलाद काळाबरोबर आणखी ठिसूळ होत जातं) आणि आता उलट दिशेने वाकवली. सकाळी ती तुटली नसती तरच नवल. तापवलेला तुकडा ताणयंत्रावर लावला तेव्हा मात्र आलेखात मला सपाट पठार दिसलं (भार न वाढताही सळई लांबत जाते तो टप्पा), ४१५ च्या खूप खाली. थंड पिळलेल्या सळईत असं पठार नसतं. म्हणूनच तिची ताकद ती ०.२ टक्के कायमची लांबते त्या बिंदूवर मोजतात. पठार परत आलं याचा अर्थ पीळ अंगावर दिसत होता, पण आत उरला नव्हता. सळई पुन्हा साधी झाली होती. डोळ्यांनी ती अजूनही टॉरच, आणि मला सगळ्यांत भीती वाटते ती याची.

दुपारी ठेकेदार आणि मालक बसले. ठेकेदार म्हणाले, नवीन सळई ५०० ऐवजी ६०० ची घालू, ताकद भरून निघेल, बीमलाही तीच वापरू. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर नेहमी थोडं जास्त बोलते. २५० ची असो की ६०० ची, पोलादाचा ताठरपणा तोच, साधारण २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ताकद जास्त म्हणून कमी सळया घातल्या तर त्याच भाराखाली प्रत्येक सळई जास्त ताणली जाणार, बीम जास्त झुकणार, भेगा रुंद होणार. ताण जास्त घ्यायचा तर काँक्रीटची पकडही लांबवर हवी, म्हणजे लॅप, दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून जोडतात ती लांबी, वाढवावा लागणार. आणि भूकंपात बीमच्या सळयांनी ठरल्या वेळी ताणून ऊर्जा खावी अशी आमची मांडणी असते. सळई हिशेबापेक्षा फार मजबूत निघाली तर ती ताणायच्या आधी बीम कातरला जातो किंवा कॉलम मोडतो. म्हणून भूकंपासाठीच्या सळईत ताकदीची खालचीच नाही, काही ठिकाणी वरचीही मर्यादा घालतात.

मालकांनी काचतंतूंच्या सळईबद्दल विचारलं. गंजत नाही असं त्यांनी वाचलं होतं. खरंच गंजत नाही, वजनही पोलादाच्या चौथाईच्या आसपास. पण ताठरपणाही साधारण तेवढाच, साइटवर वाकवता येत नाही, आणि ताणून इशारा देण्याऐवजी ती एकदम तुटते. खाऱ्या पाण्यालगतच्या स्लॅबसाठी मी स्वतः ती सुचवली असती. कॉलमसाठी नाही.

ठरलं ते असं: तापलेला आणि वाकवलेला सगळा भाग कापायचा, कॉलमचं डोकं निरोगी सळई लागेपर्यंत खाली फोडायचं आणि बोल्ट आवळायच्या कपलरने (दोन सळयांची टोकं जोडणाऱ्या नळीने) नवीन ५०० ची टीएमटी जोडायची. किती खाली, हे काँक्रीटवरून कळतं. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं काँक्रीट अनेकदा गुलाबीसर होतं, खडीत लोह असेल तर जास्तच.

संध्याकाळी पहिला कॉलम मामांनीच छिन्नी लावून फोडला. सळईभोवती गुलाबी झाक दिसली, एक वीत खाली गेल्यावर ती संपली आणि नेहमीचा राखाडी रंग लागला. मामांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. ‘‘आणखी चार बोटं जाऊ द्या,’’ मी म्हटलं. ते गेले. तिथे खडूने कपलरची जागा आखली. उजेड संपत आला होता. बाकीचे कॉलम दुसऱ्या दिवसावर ठेवले.