आमची वाटचाल: मागच्या फळीवरचं वजन

मालवणात दांडीच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये 2004 साली आम्ही आउटबोर्ड मशीनचं, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाचं, वर्कशॉप टाकलं. एक चेन ब्लॉक, पान्यांचे दोन सेट आणि पाण्याच्या ड्रममध्ये मशीन चालवून बघायची सोय, एवढंच भांडवल. सुरुवातीला सगळी कामं मच्छीमारांच्या चाळीस हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक मशीनची. पुढे तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढले, स्कुबा आलं, शेडची भिंत पक्की झाली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते 2016 च्या मोसमाबद्दल, कारण त्या गोष्टीची अर्धीच बाजू बंदरावर फिरली.

एका स्कुबावाल्याची चोवीस फुटी फायबर होडी आमच्याकडे चार वर्षं होती. त्याला चाळीस काढून साठची फोर-स्ट्रोक हवी होती. जुनं मशीन सत्तर-बहात्तर किलोचं, नवं एकशे दहाच्या पुढे. मागे चाळीस किलो वाढले म्हणून आम्ही पेट्रोलची टाकी उचलून मधल्या फळीच्या पुढे नेली. मशीनची पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत आणली, फेरे मोजणारं टॅकोमीटर लावून भर समुद्रात फुल थ्रॉटल दिला. 5700 आरपीएम मिळाले, म्हणजे पंखा (प्रोपेलर) बरोबर होता. बिलावर मी स्वतः लिहिलं: मागे आणखी वजन चढवू नये.

त्याच दिवाळीत बंदरावर नवं दुकान उघडलं होतं. ते मशीन दुरुस्त करत नसत, सामान विकत आणि फिटिंग फुकट करून देत. त्या होडीच्या मागे महिन्याभरात काय काय चढलं ते ऐका. डायव्हरसाठी स्टीलची शिडी, सिलिंडरचा रॅक, म्युझिक आणि लाइटसाठी दोन बॅटऱ्या. वर मशीन आणखी मागे नेणारा लोखंडी ब्रॅकेट. मालकाने अमेरिकेतल्या बास बोटींचे व्हिडिओ मोबाइलवर बघितले होते. तिथे मशीन आणि ट्रान्सम (मशीन टांगायची मागची फळी) यांच्या मध्ये जॅक प्लेट असते, तशी त्याला हवी होती.

आता बास बोट म्हणजे काय ते समजून घ्या. ती तलावात गळ टाकायची बोट, सपाट पाण्यावर पळणारी, दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरची. तिच्या तळाला मध्यभागी सपाट पट्टी असते, वेगात सगळी बोट त्या पट्टीवर तरंगते. मशीन मागे नेलं की ट्रान्सममागे वर येणारं स्वच्छ पाणी पंख्याला मिळतं, म्हणून मशीन वर उचलता येतं आणि वेग वाढतो. तरीही मागे बॅटऱ्या, जॅक प्लेट, उथळ पाण्यात रोवायचे अँकर असं सगळं लावलं की तीच बोट पाण्यावर उठायला वेळ घेते आणि वेगात नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली आपटत राहते. तिथे ही अवस्था, तर कर्ली नदीच्या मुखाशी आमच्या होडीचं काय होणार!

डिसेंबरात व्हायचं ते झालं. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडत होतं, समोरून लाट, त्यामुळे देवबागच्या संगमावर पाणी उभं राहिलेलं. चालवणाऱ्याने घाबरून थ्रॉटल एकदम सोडला. वेग तुटला की होडी बसते आणि तिच्याच मागची लाट तिला गाठते. मागची कड आधीच खाली होती. पाणी ट्रान्समवरून आत आलं, होडी मागून भरली. माणसं लाइफ जॅकेटमुळे आणि शेजारच्या होडीमुळे वाचली. मशीन बुडालं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर एकच वाक्य होतं: "ह्यांनी मोठं मशीन चढवलं, म्हणून होडी गेली." शिडी कुणी बसवली, ब्रॅकेट कुणी लावला, हे कुणी विचारलं नाही. नव्या दुकानातूनही तेच सांगितलं जात होतं. जानेवारी ते मार्च, ऐन मोसमात, आमच्याकडे मोजून सात कामं आली. कारागीर सोडून गेला. बँकेचा हप्ता भरायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. हे मी आजही विसरलेलो नाही.

दांडीवरचे एक काका मात्र पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्या दिवसांत त्यांनी आपली होडी मुद्दाम आमच्या दारात आणून लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी. आणि मला म्हणाले, "झिला, तू गप ऱ्हवलंस तर लोकांका खराच वाटतला. वजन करून दाखय." घरून सुरमई तोलायचा ताणकाटा घेऊन आले.

बुडालेली होडी तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. मालकाला विचारून, दहा-पंधरा माणसांसमोर, एकेक वस्तू काट्याला टांगली. भरलेला सिलिंडर सतरा किलो, असे दहा. रॅक अठरा. दोन बॅटऱ्या मिळून चोपन्न. शिडी चौदा. ब्रॅकेट बावीस. खडूने फळीवर बेरीज मांडली: दोनशे अठ्ठ्याहत्तर किलो, सगळे शेवटच्या चार फुटांत. आम्ही वाढवलेले चाळीस शेजारी वेगळे लिहिले.

मग हिशोब समजावला. डब्यासारख्या सरळ आकाराच्या होडीत जे वजन मधोमध ठेवल्यावर होडी सगळीकडून एक इंच बसते, तेच वजन अगदी मागच्या कडेला ठेवलं तर मागची बाजू चार इंच खाली जाते आणि नाळ दोन इंच वर उठते. खऱ्या होडीचा आकार वेगळा, आकडा थोडा हलतो, गोष्ट बदलत नाही.

शेवटी पितळी हातोडी काढली. ट्रान्सम तपासायला मी हीच वापरतो, लोखंडी हातोडीने जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) फुटतो. वरून ठोकत आलो: टण, टण, टण. शिडीच्या बोल्टपाशी आवाज आला धप. बोल्टच्या भोकांत सीलंट भरलेलाच नव्हता. आतला प्लायवुड पाणी पिऊन कुजायला लागला होता, आणि त्याच फळीवर ब्रॅकेटमुळे मशीनचा जोर आणखी मागून येत होता. काकांनी कान लावून पुन्हा ठोकायला सांगितलं. मग मालकाने स्वतः ठोकून बघितलं. तो काही बोलला नाही, पण होडी दुरुस्तीला आमच्याकडे ठेवून गेला.

एप्रिलपासून कामं परतली. पाटल्या सोडवायला मात्र दोन वर्षं लागली.

एवढं लिहितोय तर होडीवाल्यांनो, हेही ऐका. मशीन फुल थ्रॉटलला पूर्वीइतकं फिरत नसेल तर लगेच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) पंखा घेऊ नका. एक इंच पिच कमी केलं की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात खरे, पण रोग मागच्या वजनाचा असेल तर तो तसाच राहतो. आधी बॅटऱ्या पुढे न्या, सिलिंडर मधे आडवे बांधा, मग टॅकोमीटर बघा. मशीनच्या प्लेटवर बसवायचे ते प्लास्टिकचे पंख होडी लवकर उठवतात, खाली गेलेली मागची कड वर आणत नाहीत. ट्रान्सममध्ये भोक पाडायचंच असेल तर आतला प्लायवुड रेझिनने बंद करून मगच बोल्ट घाला. आणि पाणी बाहेर जायची मागची भोकं होडी उभी असताना पाण्याच्या वर आहेत ना, हे रोज सकाळी डोळ्यांनी बघा.

काका आता समुद्रात जात नाहीत, होडी त्यांचा मुलगा चालवतो. त्यांचा काटा आमच्या दारातल्या हुकाला टांगलेला आहे. गेल्या महिन्यात देवबागचा एक तरुण मोबाइल दाखवत आला, त्याला तसलाच ब्रॅकेट लावायचा होता, सोबत बनवूनही आणला होता. मी काही न बोलता तो काट्याला अडकवला. एकोणीस किलो. त्याने खिशातून पेन काढलं आणि मला विचारलं, "काका, बॅटरी केवढी भरते?"