आमची वाटचाल : कुठल्या मशीनला कुठली आवृत्ती

मुंबईतल्या लहान-मध्यम कार्यालयांत एकाच वेळी अनेक संगणकांवर विंडोज चढवून देणे आणि पुढे वर्षभर एएमसीवर (वार्षिक देखभालीच्या करारावर) ती मशीन चालू ठेवणे, हा आमचा व्यवसाय. पतसंस्था, सीएंची कार्यालये, शाळांच्या लॅब, क्लासेस अशी आमची गिऱ्हाइके. सुरुवात लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून झाली. तिथे सुटे भाग घेऊन मशीन जोडून द्यायची, विंडोज टाकायचे, ड्रायव्हर टाकायचे, प्रिंटर लावून द्यायचा आणि पुढच्या ऑर्डरला लागायचे. दोन-चार मशीनची ऑर्डर असेपर्यंत सीडीवर भागत असे. एका पार्टीकडे वीस-पंचवीस मशीन आली की नुसत्या फॉरमॅटमध्येच आठवडा जायचा.

त्या काळी सगळे घोस्ट हे डिस्कची प्रत काढणारे सॉफ्टवेअर वापरत, आम्हीही वापरले. एक मशीन नीट तयार करायचे, त्याची इमेज काढायची आणि बाकीच्यांवर मारायची. सारख्याच मदरबोर्डची मशीन असली की काम झटपट होई. पण लॅमिंग्टन रोडवर महिन्या-महिन्याला मिळणारा बोर्ड बदलायचा. विंडोज एक्सपीची इमेज एका बोर्डवर काढलेली आणि दुसऱ्यावर मारलेली असली, की चालू होताना निळा पडदा यायचा. आकडा बहुतेक वेळा ठरलेला, शून्य एक्स सात बी. म्हणजे बूट होणाऱ्या डिस्कपर्यंत विंडोजला पोहोचता आलेले नाही. आयडीई आणि साटा या डिस्क जोडण्याच्या दोन रीतींच्या ड्रायव्हरचा हा झगडा, त्यात हॅल (हार्डवेअरशी बोलणारा विंडोजचा थर) वेगळे असले तर आणखी भर. शिवाय प्रत्येक मशीनवर मराठी हवे असायचे. एक्सपीत रिजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागे, मग ते सीडी मागे, आणि गिऱ्हाइकाकडे सीडी सापडलेली नसे.

व्हिस्टाबरोबर विम हा इमेजचा प्रकार आला आणि विंडोज ७ ने तो आमच्यासारख्यांच्या रोजच्या कामात आणला. घोस्ट डिस्कची हुबेहूब प्रत काढते. विममध्ये फाइली असतात, म्हणून एकच इमेज वेगवेगळ्या बोर्डांवर उतरवता येते आणि ड्रायव्हर उतरवताना त्यात घालता येतात. याच्या जोडीला मायक्रोसॉफ्टचे डिप्लॉयमेंट टूलकिट होते, ज्याला आम्ही सगळे एमडीटी म्हणतो, आणि ते फुकट होते. फर्मचे स्वरूप तिथून बदलले. आम्ही मशीन विकणे हळूहळू कमी केले आणि मशीन उभी करून देण्याचे काम वाढवले.

आवृत्ती निवडायची खरी वेळ पहिल्यांदा २०१३-१४ मध्ये आली. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपणार होता आणि पतसंस्थांना विंडोज ७ वर यायचे होते. एमडीटी २०१३ नुकतेच आले होते. ते विंडोज ८.१ च्या एडीकेवर, म्हणजे विंडोज बसवण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनांच्या संचावर चालते, आणि त्या एडीकेतले यूएसएमटी, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइली आणि सेटिंग उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवणारे साधन, एक्सपीवरून काहीच उचलत नाही. आमचे तर सगळे कामच एक्सपीवरून उचलण्याचे. त्याआधीचे एमडीटी २०१२ अपडेट १ आणि विंडोज ८ चा एडीके ही जोडी मात्र एक्सपी ओळखत होती. आम्ही मागची जोडी घेतली. नवी आवृत्ती हाताशी असताना जुनी का, असे एका पार्टीच्या संगणक समितीने विचारले तेव्हा एका काउंटरच्या मशीनवर त्यांच्यासमोर करून दाखवले. हार्ड-लिंक पद्धतीत फाइली जागच्या जागी राहतात, फक्त त्यांची नोंद जपली जाते. त्यामुळे मॅनेजरबाईंच्या एक्सेलच्या फाइली, छापायचे नमुने, डेस्कटॉपवरचे सगळे नव्या विंडोजमध्ये जसेच्या तसे आले. त्या दिवसापासून कोटेशनमध्ये आम्ही साधनांच्या आवृत्त्या लिहू लागलो. गिऱ्हाइकाने वाचले नाही तरी चालेल, पण आमच्या मुलांनी वाचलेच पाहिजे.

विंडोज १० नंतर निवड अवघड झाली, कारण आता जोडी राहिली नाही, तिघांचा मेळ बसवायचा होता: विंडोजची आवृत्ती, एडीकेची आवृत्ती आणि एमडीटीची. त्यात एमडीटी पुढे सरकेनासे झाले. जानेवारी २०१९ मध्ये आलेले ८४५६ हे त्याचे शेवटचे बिल्ड. ते विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीसाठी आणि तिच्याच एडीकेसाठी काढलेले होते. त्याच एडीकेपासून विनपीई, म्हणजे मशीन सुरू करून विंडोज बसवण्यापुरते छोटे विंडोज, वेगळे उतरवून घ्यावे लागते, ते बसवायचे राहिले तर बूट इमेजच तयार होत नाही. पुढे विंडोज आणि एडीके दोन्ही बदलत गेले, एमडीटी तिथेच थांबले.

एडीके २००४ (हा आवृत्तीचा क्रमांक, साल नव्हे) आला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे तो आधी आमच्या चाचणीच्या टेबलावर घेतला. या टेबलाविषयी थोडे सांगायला हवे. दादरच्या आमच्या गाळ्यात मागच्या भिंतीला लागून एक लांब फळी आहे. तिच्यावर कॅबिनेट नसलेले बोर्ड मांडलेले असतात, प्रत्येक एएमसीतल्या सर्वांत जुन्या मशीनचा एकेक. त्यावर पार्टीचे नाव नाही, फक्त बोर्डचा नंबर आणि बायॉस की यूईएफआय (मशीन सुरू करणारी व्यवस्था जुनी की नवी), एवढेच मार्करने लिहिलेले. नव्या एडीकेने बनवलेली बूट इमेज यूईएफआयच्या बोर्डांवर सुरळीत चालली. जुन्या बायॉसच्या बोर्डांवर मात्र विंडोज उतरल्यावर बूटची नोंद करण्याच्या पायरीवर गाडी अडली. एमडीटीच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) व्हेरिफाय बीसीडीबूट अशी त्रुटी. कारण असे की या जोडीत एमडीटीची एक डीएलएल (प्रोग्रॅमची जोड-फाइल) बायॉसच्या मशीनला यूईएफआयचे मशीन समजत होती, आणि डिस्कची मांडणी तशी करून मोकळी होत होती. मायक्रोसॉफ्टने यावर दुरुस्ती दिली, केबी ४५६४४४२. त्यातली डीएलएल ३२ आणि ६४ बिटच्या दोन्ही फोल्डरमध्ये बदलायची, मग डिप्लॉयमेंट शेअर (एमडीटीचे सगळे सामान ठेवलेले फोल्डर) अपडेट करून बूट इमेज नव्याने बनवायची. नव्या ब्रँडेड लॅपटॉपवरच चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसलाच नसता. मुंबईतल्या आमच्या गिऱ्हाइकांकडे मात्र बायॉसवाली जोडलेली मशीन तेव्हा निम्म्याहून जास्त होती. म्हणून ती फळी. भाड्याच्या गाळ्यात तेवढी जागा अडवणे महाग पडते, हे मला माहीत आहे. तरी ती मी हलवू दिलेली नाही.

जोडलेल्या मशीनचा आणखी एक गुण म्हणजे ती आपले नाव सांगत नाहीत. एमडीटीत ड्रायव्हर निवडायची चांगली रीत अशी की मशीनची कंपनी आणि मॉडेल बघून त्याच नावाच्या फोल्डरमधले ड्रायव्हर उचलायचे. ब्रँडेड मशीनवर हे छान चालते. (लेनोवोच्या मशीनवर मॉडेलच्या जागी मशीन टाइपचा अक्षर-अंकी कोड येतो, त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते.) जोडलेल्या मशीनला मॉडेल विचारले तर उत्तर येते, ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, किंवा नुसतेच ‘सिस्टिम प्रॉडक्ट नेम’. बोर्ड बनवणाऱ्याने ती जागा जोडणाऱ्यासाठी मोकळी सोडलेली असते आणि जोडणारा ती भरत नाही. आम्हीही जोडणारेच होतो. त्यामुळे आमच्या कस्टमसेटिंग्जच्या फाइलमध्ये नियम लिहिला, की मॉडेल असे आले तर बेसबोर्डचे (म्हणजे मदरबोर्डचे) प्रॉडक्ट नाव घ्यायचे. ते नाव बहुतेक वेळा बरोबर असते. या एका नियमाने फील्डवर जाणाऱ्या मुलांचा जितका वेळ वाचला, तितका दुसऱ्या कशाने वाचला असेल असे मला वाटत नाही.

काम करायचे कसे, तर शनिवारी दुपारी काउंटर बंद झाले की. एक छोटा डबा-पीसी सर्व्हर म्हणून, एक चोवीस पोर्टचा गिगाबिट स्विच आणि केबलचे बंडल, एवढे सॅकमध्ये मावते आणि लोकलने नेता येते. लालबाग-परळच्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही, तेव्हा याहून जड सामान आम्ही ठेवलेच नाही. पार्टीच्या नेटवर्कला हात न लावता आपला स्विच वेगळा लावायचा, मशीनवर एफ १२ दाबून नेटवर्कवरून बूट करायचे, पडद्यावर मशीनचे नाव टाकायचे. मराठीचा कीबोर्ड, इन्स्क्रिप्ट असो की २०१९ पासून विंडोज १० मध्ये आलेला फोनेटिक, टास्क सिक्वेन्समधूनच (एमडीटीने करायच्या पायऱ्यांच्या यादीतूनच) बसतो. मार्च एंड आणि गणपतीच्या आधीचा आठवडा, या काळात आम्ही कुणाच्याही मशीनला हात लावत नाही. पार्टीने आग्रह केला तरी नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकल सर्वसामान्यांना बंद, कार्यालये बंद आणि सगळ्यांना घरून कामाला लॅपटॉप हवे. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटचा विचार गंभीरपणे केला. लॅपटॉप थेट कर्मचाऱ्याच्या घरी जातो, तो इंटरनेटला जोडून कार्यालयाच्या खात्याने आत शिरतो आणि मशीन आपोआप कार्यालयाचे होते. फोर्टमधल्या एका सीए कार्यालयासाठी आम्ही तेच निवडले आणि आजही त्यांना तेच योग्य आहे, कारण त्यांची माणसे वर्षभर ऑडिटला बाहेर असतात. पतसंस्थेच्या काउंटरला मात्र ते मी सुचवत नाही. दर माणशी दर महिन्याचे लायसन्स आणि प्रत्येक मशीनला धडधाकट इंटरनेट, हा खर्च एकाच जागी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मशीनसाठी करायचा कशाला? शाळांच्या लॅबला तर आम्ही क्लोनझिला या इमेज मारण्याच्या फुकट साधनावर ठेवले. लॅबमधली सगळी मशीन एकसारखी, सुट्टीत एकदा इमेज मारली की वर्ष निघते, आणि शाळेला पैसे पडत नाहीत.

विंडोज ११ ने हा सगळा हिशेब पुन्हा मांडायला लावला. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच बूट होऊ देणारी सोय) लागणार म्हटल्यावर बायॉसवाले बोर्ड आपोआप बाद झाले. विंडोज ११ च्या एडीकेत ३२ बिटचे विनपीई नाही. एमडीटीच्या वर्कबेंचमध्ये विनपीईचा टॅब उघडला की तो ते फोल्डर शोधतो आणि कोसळतो. एक्स ८६ नावाचे फोल्डर, त्यात विनपीई ओसीज नावाचे रिकामे फोल्डर, एवढे हाताने बनवून दिले की टॅब उघडतो. चालते, पण मायक्रोसॉफ्टच्या कागदांनुसार एमडीटीला विंडोज ११ चा आधार कधी नव्हताच. त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट ही स्क्रिप्ट लिहायची जुनी भाषा मोडीत काढत असल्याचे जाहीर झाले, आणि एमडीटीचा सगळा डोलारा व्हीबीस्क्रिप्टवर. आता मायक्रोसॉफ्टने एमडीटी अधिकृतपणे निवृत्तही केले आहे.

आमची नवी मांडणी साधी आहे: एडीके, डिझम (इमेज उतरवणारे विंडोजचे साधन), एक उत्तरांची फाइल (विंडोज बसताना विचारते त्याची आधीच लिहिलेली उत्तरे) आणि आमच्याच मुलांनी लिहिलेल्या पॉवरशेल स्क्रिप्ट. बेसबोर्डवरून ड्रायव्हर निवडायचा जुना नियम त्यातही आहे. ऑटोपायलटच्या पार्ट्या ऑटोपायलटवर, लॅब क्लोनझिलावर. एमडीटीचा शेअर अजून एका मशीनवर जपला आहे, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला, तरी काही काउंटरवर वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन विंडोज १० चालू आहे आणि तिथले मशीन बिघडले तर त्याच साच्यातून पुन्हा उभे करायचे आहे.

सध्या फळीवर सिक्युअर बूटचे काम आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते, त्यांच्या जागी २०२३ ची येतात. आपली बूट इमेज कुठल्या प्रमाणपत्राने सही केलेली आहे आणि गिऱ्हाइकाच्या बोर्डात कुठले भरलेले आहे, हे दोन्ही बघितल्याशिवाय आम्ही यापुढे एकही पेनड्राइव्ह गाळ्याबाहेर जाऊ देत नाही. ज्या बोर्डांत नवे प्रमाणपत्र आलेले नाही त्यांची यादी प्रत्येक एएमसीच्या फाइलला लावली आहे, आणि त्यांच्या बायॉस अपडेटचे काम पार्टीच्या सोयीच्या शनिवारी धरले आहे.