लेकीची पोटदुखी आणि आमचे आठ महिने

सकाळी पावणेसातला आमच्या मोरीतला नळ सोडलेला असायचा. आधी वाटलं, पोरगी तोंड धुतेय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी पाणी वाहतंच. एक दिवस दाराला कान लावला तेव्हा कळलं, नळाच्या आवाजाआड ती ओकाऱ्या काढत होती. तोंड पुसत बाहेर आली. अंगात गणवेश, वेण्या घातलेल्या, हात गारठलेले. "आई, पोटात गोळा आलाय. आजच्या दिवस नको गं शाळा."

जुलै महिना, दहावी नुकती सुरू झालेली. मी म्हणाले, राहा. वर्गशिक्षिकांना ताप आलाय म्हणून कळवलं. नऊ वाजता पोरगी पोहे खाऊन ठणठणीत. मलाही हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यानंच पुढं आमचा घात केला, पण ते कळायला दिवाळी उजाडावी लागली.

आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी रक्त, लघवी, थायरॉईड, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, "अभ्यास नको असला की मुलं अशी नाटकं करतात." परतताना रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडीपर्यंत ती गाडीवर एक शब्द बोलली नाही. आठवलं की आजही माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तिचं दुखणं खरं होतं. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, पचन मंदावतं आणि मळमळायला लागतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते. थायरॉईड तपासलं ते मात्र बरोबरच झालं. ते वाढलं तरी अशीच धडधड, असाच घाम येतो.

सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री तिचा श्वास लागला. बोटांना मुंग्या, छातीत धडधड, "आई, मी मरतेय." रिक्षानं दवाखाना गाठला तोवर ती शांतही होत आली होती. ईसीजी चांगला निघाला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, हा पॅनिक अटॅक. भराभर श्वास घेतल्यानं बोटांना मुंग्या येतात, साधारण दहा मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले.

घरी मी हा शब्द घाबरतच काढला. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, ते गप्प बसले. बोलल्या त्या आत्या. "आमच्या थोरल्या जाऊबाईंना असंच व्हायचं. लोक अंगात येतंय म्हणायचे. कुणी डॉक्टरकडं न्हेलीच न्हाई तिला. तू ने पोरीला."

दुसऱ्याच आठवड्यात सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढला. डॉक्टरांनी आधी लेकीशी एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. मला वाटलं होतं, आता गोळ्या लिहून देतील. त्यांनी समुपदेशक मॅडमकडं पाठवलं आणि मॅडमनी पहिला प्रश्न मलाच विचारला, "रात्री ती तुम्हाला तेच तेच किती वेळा विचारते?"

मी मोजायला लागले. कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीनं एकेक रेघ. "आई, मी नापास नाही ना होणार?" "नाही गं बाळा." एका रात्रीत चौदा रेघा झाल्या. मॅडमनी समजावलं की प्रत्येक "नाही गं"नं तिला दोन मिनिटं बरं वाटतं आणि भीती आणखी मुरते. तापाचा खोटा निरोपही तसाच. शाळा चुकली की पोट थांबतं, मग मेंदू शिकतो की शाळा हाच धोका. माझी माया त्या भीतीला खतपाणी घालत होती. हे ऐकताना मला फार लागलं. मॅडम ओरडल्या नाहीत, पाणी दिलं आणि थांबल्या.

नवं वाक्य ठरलं: "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तुला हे झेपेल." एवढंच बोलायचं, पुढं वाद नाही. पहिल्या रात्री तिनं ताट सरकवलं, "तू माझी आईच नाहीस" म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पण वाक्य बदललं नाही. तिसऱ्या आठवड्यात रेघा पाचवर आल्या.

शाळेसाठी मॅडमनी तिच्याकडूनच पायऱ्या लिहून घेतल्या, प्रत्येकीपुढं भीतीला दहापैकी गुण. रविवारी बंद शाळेच्या गेटपर्यंत जाऊन यायचं, तीन. ग्रंथालयात एक तास बसायचं, पाच. पूर्ण दिवस वर्गात, आठ. उभं राहून उत्तर द्यायचं, दहा. प्रत्येक पायरी भीती निम्मी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, मधेच पळून यायचं नाही. मिस्टरांनी फौंड्रीत पाळी बदलून घेतली आणि सकाळी ते गेटसमोर गाडी लावून उभे राहायचे. एकदा तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला कधी भीती वाटली?" पहिल्यांदा भट्टीसमोर उभं राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, असं त्यांनी सांगितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, मलाही हे ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात गाडी आठच्या पायरीवर अडकली. तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, ही झोपेची गोळी नाही, मनानं बंद करायची नाही आणि पहिले काही आठवडे वागण्यात बदल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा दिसली तर लगेच यायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या काळात मी तिच्या खोलीत झोपायचे. एका रात्री मलाच राहवेना, तेव्हा १४४१६ ला, टेली मानसला फोन लावला. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे माझं ऐकून घेतलं. आईनंही तिथं फोन करावा, लाज वाटायचं कारण नाही.

आता फेब्रुवारी आहे. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली. पोट अजून दुखतं. काल सराव पेपरला ती केएमटीच्या बसनं एकटी गेली. नळ सोडला नव्हता, मोरीचं दार उघडं ठेवून तिनं एकदा ओकारी काढली, चूळ भरली आणि म्हणाली, "आई, आज सहा आहे. जाते मी."