लेर्कारातलं गंधक

सिसिलीत पालेर्मोहून आग्रिजेन्तोच्या रस्त्याला लागलं की तासाभरात आपण बेटावर आहोत हेच विसरायला होतं. दोन्ही बाजूंना गव्हाची कापलेली शेतं आणि उघडेबोडके डोंगर. मागच्या सीटवर सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. त्यांना लिंबाच्या बागा बघायच्या होत्या.

सासूबाई न्यू जर्सीत जन्मल्या आणि तिथेच वाढल्या. त्यांचे आजोबा 1907 साली लेर्कारा फ्रिद्दी या गावातून अमेरिकेला आले. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पणजोबांच्या लिंबाच्या बागा होत्या, कुणा डाकूशी वैर झालं आणि पोराला रातोरात बोटीत बसवून दिलं. मी तासगावची. ‘आमचंही वतन होतं, पण...’ अशा गोष्टी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे काही बोलले नाही.

लेर्कारा डोंगरात आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर. सिसिलीत लिंबाचा धंदा चालला तो किनाऱ्याजवळ. बाहेरच्यांना हे गाव माहीत असतं ते दोन माणसांमुळे. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचे आजोबा इथले, आणि न्यूयॉर्कच्या माफियाचा म्होरक्या लकी लुचियानो 1897 साली इथेच जन्मला. पहिलं नाव गावकरी आपणहून काढतात, दुसरं आपण काढलं तर विषय बदलतात.

सिसिलीत मुळं शोधणं त्या मानाने सोपं आहे. सरकारी जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी 1820 पासूनच्या आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा इटलीच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट पाहता येतात. लग्नानंतरही बाईचं माहेरचंच आडनाव लिहितात, त्यामुळे आजी-पणजी हरवत नाहीत. घोळ होतो तो नावांचा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे चार भावांच्या घरात एकाच नावा-आडनावाचे चार चुलतभाऊ. आजोबांचं नाव नातवाला आपल्याकडेही ठेवतात, पण निदान बापाचं नाव मधे येऊन वाचवतं.

नगरपालिकेतल्या बाई आम्हाला पाहून आधी जरा त्रासल्याच. अमेरिकेतून, अर्जेंटिनातून लोक येतात ते पणजोबांच्या कागदावर इटलीचा पासपोर्ट मिळवायला. 2025 मध्ये कायदा बदलला आणि हा हक्क बहुतेकांसाठी आई-वडील, आजी-आजोबांपर्यंतच आला, पण रांग काही संपली नसावी. आम्हाला पासपोर्ट नको, फक्त मूळ वही बघायची आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. आजोबांच्या जन्मसालाचं, 1888 चं जाडजूड रजिस्टर आलं. बोट ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली: अमुक वाजता, अमुक वयाचा बाप बाळाला घेऊन हजर झाला, साक्षीदार दोन, बापाची सही नाही कारण त्याला लिहिता येत नाही. धंदा: त्सोल्फातारो, म्हणजे गंधकवाला.

“गंधकाच्या खाणीचे मालक?” सासूबाईंनी आशेने विचारलं.

बाई म्हणाल्या, “मालक असते तर ‘पोस्सिदेन्ते’ लिहिलं असतं, आणि सहीही केली असती.”

मग मला गंधक आठवलं ते वडिलांच्या द्राक्षबागेतलं. भुरी पडली की गंधक मारायचं, हे तासगावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. युरोपात 1850 च्या सुमारास द्राक्षवेलींवर भुरीची मोठी साथ आली, आणि त्यावरचं औषध म्हणून जे गंधक धुरळलं गेलं त्यातलं बरंचसं सिसिलीचं होतं. बंदुकीची दारू आणि कारखान्यांतलं ॲसिड यांची गरज होतीच. एकोणिसाव्या शतकात जगाला लागणारं बहुतेक गंधक हे बेट पुरवत होतं. लेर्कारात पैसा आला, इंग्रज मालक आले. त्यांच्यापैकी रोझ घराण्यातल्या एकाला 1876 साली डाकूंनी पळवून खंडणी वसूल केली. डाकू होते तर. पण ते खाणमजुराच्या पोराच्या मागे कशाला लागतील?

गावाबाहेर टेकडीवर गेलो. करड्या-पिवळट मातीचे ढिगारे, त्यावर खुरटं गवत. उतारावर गोल भट्ट्या बांधायच्या, खनिज रचून पेटवायचं, त्यातलंच काही गंधक जळून बाकीचं वितळवायचं. धूर खाली शेतात उतरायचा आणि पिकं करपायची. खाणीतून खनिज वर आणायला पोरं असत. त्यांना कारूसी म्हणत. सात-आठ वर्षांची, अरुंद पायऱ्यांवरून पाठीवर ओझं घेऊन चढणारी. खाणकामगार पोराच्या बापाला आगाऊ रक्कम द्यायचा, आणि ती फिटेपर्यंत पोरगा त्याचा बांधलेला. मजुरी इतकी थोडी, की ती फिटायची कशी? 1876 च्या सुमारास सोन्नीनो नावाच्या तरुणाने सिसिलीत फिरून यावर सविस्तर लिहिलं. तो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. कारूसी मात्र विसाव्या शतकातही होते.

1893 च्या नाताळात, ऐन 25 डिसेंबरला, लेर्काराचे लोक करांविरुद्ध रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. आठ-दहा दिवसांनी सगळ्या सिसिलीवर लष्करी अंमल बसला. पुढे अमेरिकेत लुइझियानात जमिनीत गरम पाणी सोडून गंधक वर खेचायची नवी पद्धत आली आणि सिसिलीच्या खाणींची बाजारपेठच गेली. 1907 साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, परदेशातून आलेल्यांच्या तपासणी नाक्यावर, दहा लाखांहून जास्त लोक उतरले, त्यांतले एक सासूबाईंचे आजोबा.

घरच्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. जेवणाच्या टेबलावर नातवंडांना काय सांगायचं, पोरं गहाण पडायची म्हणून? त्यापेक्षा लिंबं बरी.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. पण चौकातल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना बोलतं केलंच. कुणाची तू, कुठल्या घरची, आडनाव नको, घराण्याचं टोपणनाव सांग. एका आडनावाची इतकी घरं, की टोपणनावाशिवाय ओळखच पटत नाही. सासूबाईंना ते माहीत नव्हतं. मग म्हाताऱ्यांचंच आपसात भांडण जुंपलं, त्यांना कुठल्या घरात बसवायचं यावरून. शेवटी निकाल लागला नाही, कॉफीचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत.

पालेर्मोला परतल्यावर बाजारात पानेल्ले खाल्ले. डाळीच्या पिठाची पाटवडी थापून, कापून, तळून पावात घातल्यासारखा प्रकार. मी दोन पाव संपवले, सासूबाईंनी एक जेमतेम. त्यांना सरकारी दप्तरखान्यात जायचं होतं, कारण नगरपालिकेतल्या बाईंनी निघताना सांगितलं होतं की लष्करभरतीच्या याद्या तिथे मिळतील.

तिथे 1888 च्या जन्मवर्षाची यादी मिळाली. भरतीच्या यादीत प्रत्येकाची उंची, छाती, केसांचा रंग लिहितात. गंधकखाणींच्या गावांतली कितीतरी पोरं खुजी, वाकलेली म्हणून नाकारली जायची. आजोबांच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात बापाचाच शब्द होता, उंचीचा रकाना कोरा. शेवटच्या रकान्यात ‘रेनितेन्ते’, म्हणजे बोलावूनही हजर न झालेला, कायद्याने फरार.

“फरार!” सासूबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी लगेच त्या ओळीचा फोटो काढला आणि भावाला पाठवला. त्याचं उत्तर मिनिटभरात आलं: “मी सांगत नव्हतो, डाकूंचं काहीतरी होतं म्हणून?”