जेव्हीएम असेम्बलर: उड्यांचे आकार ठरले, आता फ्रेम्स

जेव्हीएम म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारं आभासी यंत्र. हाताने लिहिलेल्या त्याच्या सूचनांपासून क्लास फाइल (जेव्हीएम वाचतं ती बाइटांची फाइल) बनवणारा असेम्बलर मी लिहितो आहे. मजकूर वाचणारा पार्सर, लेबलं (उड्या पोचतात त्या जागांची नावं), कॉन्स्टंट पूल (स्थिरांक आणि नावांची क्रमांकित यादी) आणि क्लास फाइल लिहिणारा भाग आता एकत्र चालू लागले आहेत. हाताने लिहिलेली मेथड (जावातलं फंक्शन) असेम्बल होते, जेव्हीएम ती तपासून चालवतं.

क्लास फाइल लिहिणं हा सोपा भाग. सुरुवातीची चार बाइटांची ‘कॅफेबेब’ खूण, मग आवृत्ती, मग पूल. सगळे आकडे मोठा बाइट आधी. पूलची मोजणी १ पासून होते आणि लाँग व डबल (६४ बिटांच्या संख्या) प्रत्येकी दोन जागा खातात, एवढं सांभाळलं की झालं. पूलबाबत एक निर्णय मात्र फार उपयोगी ठरला. पूलमधला स्थिरांक वापरायला आणणाऱ्या ‘एलडीसी’ सूचनेत क्रमांकाला एकच बाइट असतो, म्हणजे २५५ पर्यंतच पोच. त्यापुढे तीन बाइटांची ‘एलडीसी-डब्ल्यू’ लागते. म्हणून या सूचना वापरत असलेले स्थिरांक मी पूलमध्ये सर्वांत आधी बसवतो आणि लाँग-डबल शेवटी, कारण त्यांच्या सूचनेला क्रमांक नेहमीच दोन बाइटांचा असतो. यामुळे पत्ते मोजायला बसण्याआधीच या सूचनांचे आकार पक्के झालेले असतात.

खरा रस उड्यांमध्ये, म्हणजे क्रम सोडून दुसरीकडे नेणाऱ्या सूचनांमध्ये आहे. ‘गोटू’ तीन बाइटांची, तिचा ऑफसेट (उडीपासून लेबलापर्यंतचं अंतर) १६ बिटांचा, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७. लेबल त्यापलीकडे गेलं की पाच बाइटांची ‘गोटू-डब्ल्यू’. अटींच्या उड्यांना असं लांब रूपच नाही. तिथे अट उलटी करून पुढची ‘गोटू-डब्ल्यू’ ओलांडायची, म्हणजे ३ बाइटांचे ८ होतात. एक उडी फुगली की इतरांची अंतरं वाढतात, त्यांतली एखादी हद्दीबाहेर जाते, ती फुगते. आकार अंतरावर ठरतो आणि अंतर आकारांवर.

माझी पद्धत अशी: सगळ्या उड्या आखूड धरायच्या, पत्ते मोजायचे, न बसणाऱ्या उड्या लांब करायच्या आणि पुन्हा मोजायचं. एकदा लांब झालेली उडी पुन्हा आखूड करायची नाही, हा यातला कळीचा नियम. तो का हवा हे ‘टेबलस्विच’ (मूल्यानुसार अनेक वाटांपैकी एक निवडणारी सूचना) दाखवतो. त्याच्या ऑपकोडनंतर (सूचना ओळखायच्या पहिल्या बाइटनंतर) शून्य ते तीन बाइटांची भर असते, कारण पुढची माहिती मेथडच्या सुरुवातीपासून चारच्या पटीत यावी लागते. समजा एक लांब झालेली उडी आहे, तिच्या आधी दुसरी एक ‘गोटू’ आहे आणि ती उडी व तिचं लेबल यांच्या मध्ये टेबलस्विच. आधीची गोटू दोन बाइटांनी फुगली तर भर तीनवरून एकवर येऊ शकते. मग उडीचा आरंभ दोनने सरकतो, टेबलस्विचच्या पुढचं लेबल जागचं हलत नाही आणि अंतर घटतं! दर फेरीला आकार नव्याने ठरवले तर ते मागेपुढे होत राहण्याचा धोका इथेच आहे. फक्त वाढू द्यायचं ठरवलं की फेऱ्या संपणारच, कारण प्रत्येक फेरीत निदान एक उडी लांब व्हावी लागते. बदल्यात क्वचित एखादी उडी गरजेपेक्षा दोन-पाच बाइटांनी मोठी राहते. ही किंमत मला पूर्ण मान्य आहे.

जावाचा नेहमीचा कंपायलर जावासी, त्याचा मार्ग वेगळा आहे: एक उडी जरी बसली नाही तरी तो ती मेथड सगळ्या उड्या लांब धरून नव्याने तयार करतो. कंपायलरला ते शोभतं. असेम्बलर वापरणाऱ्याला मात्र प्रत्येक बाइटाशी देणंघेणं असतं. हॉटस्पॉट हे प्रचलित जेव्हीएम ८००० बाइटांपेक्षा मोठी मेथड एरवी जेआयटीला (चालता चालता कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या कंपायलरला) देतच नाही, त्यामुळे इतक्या लांब उड्या रोजच्या कोडमध्ये विरळाच. तरी त्या वैध आहेत, म्हणून त्या बिनचूक बसल्याच पाहिजेत.

चाचण्या सीमेवर बेतल्या आहेत. गोटू आणि लेबल यांच्यात ३२७६४ नॉप (काहीच न करणाऱ्या एका बाइटाच्या सूचना) टाकले की ऑफसेट बरोबर ३२७६७. आणखी एक नॉप टाकला की लांब रूप आलंच पाहिजे. शिवाय तयार क्लास फाइली सुट्या करून पुन्हा जोडतो. माझ्या पूलचा क्रम वेगळा असल्याने बाइट थेट जुळत नाहीत, म्हणून क्रमांकांमागची नावं आणि मूल्यं ताडून बघतो.

आता स्टॅकमॅप, म्हणजे फ्रेम्सचा तक्ता. त्या जागी स्टॅक (मधल्या मूल्यांची रास) आणि लोकल्स (मेथडचे स्वतःचे चल) यांत कोणत्या प्रकारची मूल्यं आहेत, हे प्रत्येक फ्रेम सांगते. सध्या मी आवृत्ती ४९ ची फाइल काढतो, तिथे व्हेरिफायर (कोड चालवण्याआधी तपासणारा जेव्हीएमचा भाग) प्रकार स्वतः शोधतो. पण ‘इन्व्होकडायनॅमिक’ (कोणती मेथड बोलवायची ते चालताना ठरवणारी सूचना) हिच्यासाठी किमान ५१ हवी, आणि ५१ पासून स्टॅकमॅपवाचून सुटका नाही. उडीच्या प्रत्येक लक्ष्यावर फ्रेम द्यावी लागते. फ्रेम्स वापरणाऱ्याने हाताने लिहाव्यात असा पहिला विचार होता. तो अटींच्या लांब उड्यांपाशी अडतो: अट उलटी केल्यावर ‘गोटू-डब्ल्यू’नंतरची जागा नवं लक्ष्य बनते, तिथे फ्रेम लागते आणि वापरणाऱ्याने तर तिथे लेबलच दिलेलं नसतं. मूळ लेबलावरची फ्रेमही उसनी घेता येत नाही. तिथे इतर वाटा मिळत असतील तर तिचे प्रकार ढोबळ झालेले असू शकतात. म्हणजे प्रत्येक सूचनेपाशी स्टॅक आणि लोकल्सची स्थिती असेम्बलरनेच काढायला हवी. ती निघाली की स्टॅकची कमाल खोलीही त्याच फेरीत मिळते, तेव्हा पुढचं काम तिथूनच सुरू करतो आहे. आधी फक्त पूर्णांक आणि सरळ उड्या, वाटा मिळतात तिथे दोन वर्गांचा सामाईक पूर्वज शोधणं त्यानंतर.